औटकीची शाबासकी

सवाई माधवरावांच्या काळात कसब्यातल्या एका देवळाच्या ओसरीवर पंतोजींची शाळा भरायची. शाळा कसली! पोरांनी पंतोजींचे पाय चेपायचे, विहिरीवरून घागरी आणायच्या आणि उरल्या वेळात एकेकाने एकच गोष्ट घोकायची, कुणी एखादा पाढा, कुणी पत्राचा मायना. वर्षभर तीच. दसऱ्याला पंतोजी सगळ्या पोरांची वरात घेऊन घरोघर निघत. ज्याचं घर, त्याने बापासमोर आपली गोष्ट खडाखडा म्हणायची. पंतोजींनी पाठ थोपटून "शाबास! सगळं आलं हो पोराला!" म्हणायचं आणि घरच्यांनी शिधा नि उपरणं द्यायचं. झाली परीक्षा!

दिगंबरच्या वाट्याला औटकी आली होती, साडेतीनचा पाढा. झोपेतही म्हणायचा तो. आणि त्याचाच त्याला संताप यायचा.

कारण शेजारच्या श्रीनिवासचा थोरला भाऊ, माधव. गेल्या दसऱ्याला त्यालाही अशीच शाबासकी मिळाली. दुसऱ्याच दिवशी बापाने त्याला सरदारांच्या कचेरीत नेऊन बसवलं. कारभाऱ्यांनी साधा हिशेब विचारला, तर हा गप्प! भर कचेरीतून हाकलला त्याला. अख्खा कसबा हसला. माधव दगड, माधव टोणगा. पंतोजींना मात्र कुणी अवाक्षर बोललं नाही. बापानेही नाही. आता माधव कुणाच्या तरी मुदपाकखान्यात लाकडं फोडत होता.

आज पुन्हा दसरा होता, आणि उद्या त्याच कचेरीत दिगंबरला बसवायचं ठरलं होतं.

"पंतोजी, बाकीचंही शिकवा ना," त्याने कितीदा विनवलं होतं.

"कशाला? तुझा बाप औटकीच ऐकणार. डोकं इतकं भरलंस तर शेंडी कुठे ठेवशील?"

वरात दारात आली. दिगंबरचे वडील गोपाळकृष्णपंत अंगणात पाटावर बसले. आई शिध्याचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा..."

आईचा चेहरा फुलला. तो फुललेला चेहरा बघितला आणि दिगंबरच्या मस्तकात तिडीक गेली. तो थांबला.

"अप्पा, मला मधलंच विचारा. तेरा औटे विचारा."

"बरं. तेरा औटे किती?"

"येत नाही!"

"लाजतंय हो पोर," पंतोजी हसले.

"लाजत नाहीये, चिडलोय मी! पत्र लिहायला सांगा, येत नाही. जमाखर्च मांडायला सांगा, येत नाही. वर्षभरात एकदा तरी विचारलंत का, दिग्या, तुला काय येत नाही म्हणून?"

अप्पांनी खाडकन कानाखाली वाजवली. "गुरूला उलट बोलतोस?"

"मारा! उद्या कारभाऱ्यांसमोर जाणारी अब्रू आजच जाऊ दे!"

पुन्हा उगारलेला हात तसाच थांबला. अप्पांना माधव आठवला असावा. तेव्हा तेही पोट धरून हसले होते. ते सावकाश पंतोजींकडे वळले.

"मुलगा ढ आहे, मान्य. आपणच सांगा पंतोजी. तेरा औटे?"

"हँ! त्यात काय!" पंतोजींनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. "एक औट औट... बे औटे..." बोटं मोजत मोजत ते सात औटेपर्यंत आले, अडखळले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले!

पोरं फिदीफिदी हसली. दिगंबरला मात्र अजिबात हसू आलं नाही. ह्या माणसाच्या एका शब्दावर माधव कचेरीत गेला? ह्याच्या?

"साडेपंचेचाळीस," अप्पा कोरडेपणाने म्हणाले. "अगं, ताट आत ने. पंतोजींची बोटं गुंतलीयत, धरणार कशाने?" मग दिगंबरकडे न बघताच म्हणाले, "उद्या कचेरी नाही. उद्यापासून पहाटे माझ्यासमोर बसायचं. आणि येत नाही ते आधी सांगायचं."

आई ताट घेऊन आत गेली. पंतोजी लालेलाल होऊन तरातरा निघाले ते थेट श्रीनिवासच्या दारात. पाठोपाठ वरात. जरा वेळाने तिथून श्रीनिवासचा खणखणीत आवाज आला. पत्राचा मायना म्हणत होता, न चुकता. आणि त्याचे वडील म्हणत होते, "वा! हा तरी नाव काढणार!"

दिगंबरचा गाल अजून चुरचुरत होता. तो अनवाणीच धावत सुटला, त्यांच्या फाटकाला लोंबकळला आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडला,

"काका, अर्ध्यावर थांबवा त्याला आणि मधलंच विचारा! अर्ध्यावर!"