काविळीची माळ

अंकुरच्या गळ्यातली माळ पाहिली आणि जेबाचं डोकंच फिरलं. अमरावती विद्यापीठात ती यकृताच्या कॅन्सरवर संशोधन करत होती. अंकुरच्या वडिलांच्या, किसनरावांच्या गाठीचा तुकडा अकोल्याच्या दवाखान्यातून तिच्याकडे आला होता. या कॅन्सरमागे हिपॅटायटिस बीचा विषाणू होता. तो घरात आणखी कुणाला आहे का हे तपासून घ्या, एवढंच सांगायला ती मूर्तिजापूरजवळच्या या गावी आली होती. तिच्या हातातली फाइल पाहून लोकांना वाटलं, शेतकऱ्यांच्या आत्महत्येच्या चौकशीवाली बाई आली. त्या वर्षांत गावात दुसरं येत तरी कोण होतं?

अंकुरचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. तरी त्याची आई, मैनाबाई, निवांत. वैद्यानं मुळ्यांच्या काड्यांची माळ त्याच्या डोक्यावर बसवली होती. ती लांबत लांबत गळ्यात उतरली होती. पायाशी पोचली की कावीळ गेली. तोवर अंगाला सुई लावायची नाही, असं त्यानं बजावलं होतं. काड्या वाळतात, गाठी सैल होतात म्हणून माळ लांबते, हे जेबानं सांगून पाहिलं. कुणी कानावर घेईना.

मग तिनं अक्कल पाजळली. पेशीत गुणसूत्रं असतात, त्यांना टोकं असतात. विषाणूमुळे यकृताची नासधूस होत राहते, ती भरून काढायला पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि दर खेपेला टोकं आखूड होतात. फारच आखूड झाली की सगळा कारभार बिघडतो, कॅन्सरला वाट मिळते. किसनरावांच्या गाठीतली टोकं आखूडच निघाली.

मैनाबाईंचा चेहरा खुलला. "म्हंजे आखूड होनं वाईट. याची तं लांबून राह्यली ना, बाई."

जेबाला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्यात अंकुरनं विचारलं, टोकं मोजून बाबांना काय मिळालं? काही नाही, ती चिडून म्हणाली. त्यांना उशीर झाला. पण तुझ्यात विषाणू असला तर औषध आहे, आणि त्याला मोजमाप लागत नाही, साधी रक्ततपासणी पुरते. अंकुर आईकडे पाहू लागला. आई मान हलवेना.

भिंतीकडे तोंड करून पडलेले किसनराव तेव्हा खाटेवर कण्हत वळले.

"मैना, लग्नाच्या आंधी मले कावीळ झाली होती. माही माळ तं पायापर्यंत उतरली होती."

मैनाबाईंनी जेबाला विचारलं, "अकोल्याची गाडी कवा हाये?"