एका हाताचा फोन

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षाची गोष्ट. लग्नाला आठ दिवस उरले होते आणि माझी धाकटी बहीण फोनच्या दुकानात काउंटरवर मूठ आपटत होती.

"मावशी, काच फुटेल," विक्रेता म्हणाला.

"तिला ऐकू येत नाही. मला सांग," मी म्हणाले.

"मग त्यांना सांगा, सगळ्यात लहान हाच आहे."

धाकटीने फोन उजव्या हातात घेतला. बोटं पलीकडच्या कडेपर्यंत पोचेनात. डावा हात आधाराला लावला तेव्हा तो स्थिर झाला. मग माझ्याकडे बघून तिने दोन्ही हात भरलेले दाखवले आणि तोंड घट्ट मिटलं. तिला म्हणायचं होतं, आता बोलू कशाने?

धाकटी जन्माची बहिरी. लोक मुकी म्हणायचे. ती मुकी नव्हती. तिचा उजवा हात चालू लागला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तोही बहिरा. लग्नाआधी पाहायला आला तेव्हा तिने हातांनी पहिलं वाक्य काय म्हटलं, तर 'एवढी घड्याळं जवळ असून उशिरा आलास.' तो इतका हसला की खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

"जुन्यासारखा दे ना, मुठीत मावणारा," मी म्हणाले.

"कंपन्यांनी बंद केले ते. खपत नाहीत. लोकांना सिनेमे बघायचे असतात."

"हिला सिनेमा बघायचा नाही. नवऱ्याशी बोलायचंय."

"मग बटणांचा घ्या की, स्वस्तात पडेल."

"दोघंही बहिरे आहेत, बाबा. बटणांच्या फोनवर तुला हात दिसतात का?"

तो ओशाळला. मग समजूत काढायला म्हणाला, "अहो, मग ह्याच्यावर तर हात अजून मोठे दिसतील!"

धाकटीने फोन खाली ठेवला आणि हात चालवला. तिचं बोलणं मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. "ती विचारतेय, लोकांना नको, लोकांना नको म्हणतोस, ते लोक कोण? मी कोणात येते?"

"कंपनी सर्व्हे करते, मावशी. मी काय करणार?"

"आमच्या धुलाईघरात कोण आलं होतं सर्व्हे करायला?" मी विचारलं.

त्याने काउंटरवरचा फोन पुसून परत खोक्यात ठेवला.

धुलाईघर हॉस्पिटलचं. धाकटी तिथे कामाला. मीही निवृत्त होईपर्यंत तिथे बावीस वर्षं काढली. चादरी धुऊन निघाल्या की तापलेल्या रोलरांमधून जातात. एका बाजूने दोघींनी चादर सारायची, दुसऱ्या बाजूने दोघींनी ओढून घ्यायची. अंगातल्या कोटाला छातीवर एकच खिसा, झाकणाचा आणि मुद्दाम लहान शिवलेला. त्याच्या बाहेर काहीही डोकवायचं नाही. एकीची बाही रोलरात गेलेली मी पाहिली आहे. त्यामुळे त्या नियमाला मी कधी नाव ठेवलं नाही.

धाकटीचा जुना फोन त्या खिशात झाकणासकट मावायचा. थरथरला की छातीला कळायचं. नवऱ्याला मधुमेह होता आणि साखर एकदम उतरायची. तशी उतरली की त्याला सुचेनासं व्हायचं, हाताशी असलेला साखरेचा डबा दिसायचा नाही. फोनवरच्या तिच्या चित्राला बोट लावायचं, तेवढंच डोक्यात शाबूत राहायचं. मग ही रोलरापासून दोन पावलं मागे सरायची. डाव्या हातात फोन, उजव्या हाताने बोलणं. डबा उघड. तोंडात टाक. अजून एक चमचा. माझ्याकडे बघ, झोपू नकोस. त्याच्या तोंडाला साखर लागली की फोन खिशात आणि पुढची चादर रोलरात. एका वर्षात असं तीनदा झालं होतं. तीनदा माणूस वाचला होता आणि एकही चादर खोळंबली नव्हती.

मग फोनची बॅटरी फुगली. नवऱ्याने स्वतः उघडून पाहिला. चाळीस वर्षांपूर्वीच्या घड्याळात जीव आणणारा माणूस तो. त्याला सगळीकडून एकच उत्तर मिळालं, भाग येत नाहीत. त्याने फोनचं झाकण इतक्या रागाने लावलं की अंगठा कापला.

शेवटी मोठाच फोन घ्यावा लागला. धाकटीने कोटावर मोठा खिसा शिवला. पहिल्याच दिवशी सुपरवायझर बाईंनी हटकलं आणि मला बोलावून घेतलं.

"अक्का, तिला समजवा. खिसा काढायला लागेल."

"तिचा नवरा..."

"माहितीय मला. पण तो खिसा रोलरात खेचला गेला तर हात जाईल तिचा. तुम्हीच सांगा, मी चूक बोलतेय का?"

बाई चूक बोलत नव्हत्या. दुकानदाराची चूक नव्हती, बाईंची चूक नव्हती. ज्यांची चूक होती ते कुठेतरी थंडगार खोलीत बसून ठरवत होते की माणसाचा तळहात केवढा असावा. भांडायला जावं तर त्यांना दार नाही. मी घरी येऊन भांडी इतकी घासली की सून म्हणाली, "आई, चकाकतायत, आता सोडा त्यांना."

नळाजवळच्या फळीवर फोन ठेवायची परवानगी मिळाली. दर अर्ध्या तासाने धाकटी हात धुवायच्या निमित्ताने बघून यायची. त्या दिवशी दुसऱ्या ओळीचा रोलर बंद पडला आणि दोन ओळींचं काम एकीवर आलं. दीड तास तिला हलता आलं नाही. फळीवर फोन थरथरत होता. यंत्रांच्या त्या आवाजात कान असलेल्यांनाही तो कळला नाही.

संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. फोन दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर केला. अकरा वेळा फोन येऊन गेला होता. मला त्याने एकदाही केला नव्हता. माझा बटणांचा. मला तो दिसला नसता, त्याला मी ऐकू आले नसते. "काय झालं?" मी विचारत राहिले. ती फोन सोडेना, आणि सोडल्याशिवाय तिला सांगता येईना.

महिन्याभराने मी कंपनीच्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. मी सगळं सांगितलं, ओरडून सांगितलं.

"मॅडम, लहान फोन हवा, अशी तुमची सूचना मी नोंदवून घेतली आहे. अजून काही मदत करू का?"

"सूचना नको नोंदवूस. मी सांगते ते लिही. अक्षर न् अक्षर."

"बोला, मॅडम."

मी सावकाश सांगितलं. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, घड्याळं दुरुस्त करणारा, वय एकसष्ट, मार्चच्या अकरा तारखेला, मंगळवारी, दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान घरी एकटा असताना वारला.