धाकट्या राजपुत्राच्या मापाचं

वस्तुसंग्रहालयात जुन्या पत्रांची भाषांतरं करणाऱ्या बाईंकडे नव्या प्रदर्शनासाठी दोन पत्रं आली. पहिलं एका सेनापतीचं, राजाच्या चिटणीसाला लिहिलेलं. किल्ला पडला, किल्लेदाराच्या मुलाच्या अंगावरचं चिलखत सोबत पाठवतो आहे, आपल्या धाकट्या राजपुत्रांना ते बसावं. काखेखाली भोक पडलं आहे, पण चांगला कारागीर ते बुजवील.

दुसरं चिटणीसाचं उत्तर. राजपुत्र खूश झाले. मात्र खांद्यात घट्ट होतं, म्हणून चिलखत संग्रहात ठेवलं. थोडं मोठं काही हाती लागल्यास कळवावं.

बाईंनी चिलखत मोजलं. भाच्याच्या शाळेच्या शर्टाचं माप निघालं.

काचेवरच्या पाटीसाठी त्यांनी लिहिलं, 'लढाईत मारलेल्या मुलाच्या अंगावरून काढलेलं चिलखत.' संचालकांनी ते खोडून लिहिलं, 'राजघराण्यास भेट मिळालेलं चिलखत.'

"भेट कुणी दिली, सर?"

"सेनापतीनं. पत्रातच आहे की."

"त्याच्या मालकीचं होतं का ते?"

संचालक चष्मा पुसू लागले. "हे बघा बाई, सगळ्या वस्तू घराण्यानं उसन्या दिल्यात. त्यांचं डोकं फिरलं तर लोकांना काय, रिकामी कपाटं दाखवू?"

"मग भाषांतराखालचं माझं नाव काढा."

"काढतो," ते लगेच म्हणाले. जणू त्यांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं.

घरी ताईनं ऐकून घेतलं. "नाव गेलं ते गेलं," ती म्हणाली, "आता नोकरीवर पाणी सोडू नकोस."

उद्घाटनाला घराण्याचे वारस आले. म्हातारे, काठी टेकत चालणारे, बोलायला गोड. चिलखतापाशी थांबून त्यांनी विचारलं, "इथं गंजलंय का?"

"जुनं आहे ना, साहेब," संचालक म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या बाईंना राहवलं नाही. "गोळी लागली होती तिथं. मुलगा आत असताना."

संचालकांचा चेहरा पडला. म्हातारे मात्र काचेला नाक लावून वाकले.

"असं होय? मग लिहिलं का नाही? लोकांना असलंच काहीतरी हवं असतं."

दुसऱ्या दिवशी जुन्या पाटीखाली नवी पाटी लागली, 'गोळीची खूण पाहा.' शेजारी बाण, आणि भोकावर नेमका पडेल असा छोटा दिवा. आठवडाभरात तिथं रांग लागायला लागली. आया पोरांना काचेशेजारी उभं करून उंची ताडून बघत, हसत, फोटो काढत.

संचालक खुशीत होते. "तुमचं नाव परत घालू या का?"

"नको," बाई म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं होतं. बाईंनी जाऊन दिव्याचं बटण बंद केलं. पहारेकऱ्याला वाटलं, दिवा गेला. त्यानं वर कळवलं, आणि संध्याकाळच्या आत वायरमन येऊन आणखी लख्ख उजेडाचा दिवा बसवून गेला.