सलूनवाल्याचा झिपऱ्या

सलूनवाल्याच्या मुलाला लहानपणी सगळी गल्ली झिपऱ्या म्हणायची. बापाचं आयुष्य दुसऱ्यांची डोकी भादरण्यात चाललेलं आणि घरच्या पोराच्या डोक्यावर मात्र रान माजलेलं. कात्री दिसली की पोरगं खुर्चीखाली, नाहीतर थेट रस्त्यावर.

हाच झिपऱ्या पंचविशीत बापाच्या शेजारच्या खुर्चीमागे उभा राहून काम शिकू लागला आणि तिथंच माशी शिंकली. एका सकाळी शाळेतले मास्तर दाढीला बसले. खुर्चीला पाठ टेकली की मास्तरांना डुलकी लागायची. झिपऱ्याचं लक्ष खिडकीबाहेर, वस्तरा मास्तरांच्या कानशिलाशी, आणि तेवढ्यात मास्तर झोपेत दचकले. डोळे उघडून आरशात बघतात तो डावी भुवई गायब.

बापाच्या नाकावर राग कायम मुक्कामाला असायचा. पाच गिऱ्हाइकांसमोर त्यानं पोराला असं काही धुतलं की बाकावरची माणसं वर्तमानपत्रात तोंड लपवून बसली. झिपऱ्यानं अंगावरचा एप्रन काढून फेकला. पुन्हा तुमची कात्री माझ्या केसाला लागू देणार नाही, असं सुनावून तो जो बाहेर पडला तो थेट बंदरावर गेला आणि प्रवासी बोटीवर स्वयंपाकी म्हणून लागला.

बघता बघता अकरा वर्षं गेली. त्यानं घरी एक ओळ लिहिली नाही. बापानं मात्र कुठून तरी पत्ता मिळवला होता. दरवर्षी झिपऱ्याच्या वाढदिवसाला एक पत्र यायचं. त्यात ना रागाचा शब्द, ना माफीचा. गल्लीत कुणाचे केस पिकले, कुणाचे गळले, मास्तरांची भुवई उगवली पण जरा वाकडी, अशा बातम्या. आणि शेवटी ठरलेलं वाक्य : ‘वेळेवर जेवत जा.’ दिवसाला दोनशे ताटं वाढणारा माणूस ते वाचून हसायचा, पत्र ट्रंकेत टाकायचा आणि विसरायचा. निदान विसरलो असं स्वतःला सांगायचा.

मधल्या काळात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि डोक्यावरचं रान हळूहळू ओसाड पडलं.

मुलगी चार वर्षांची असताना तो बोटीवरून सुट्टीला घरी आला, तेव्हा तिनं त्याच्या एकुलत्या एका चांगल्या शर्टावर शाईनं घोडा काढला. तो ओरडला. तिनं कमरेवर हात ठेवून सांगितलं की हा बाबा मला नको, दुसरा आणा. आणि ती कपाटामागच्या फटीत जाऊन बसली. जेवायची वेळ झाली तरी बाईसाहेब बाहेर येईनात. शेवटी झिपऱ्या वाटी घेऊन जमिनीवर बसला आणि फटीतून चमचा आत सरकवू लागला. आतून हूं की चूं नाही, पण चमचा दर वेळी रिकामा होऊन परत येत होता.

चौथ्या चमच्याला त्याचा हात थबकला. त्यानं बायकोकडे पाहिलं.

“मीपण कपाटामागेच बसलोय का गं?”

“अकरा वर्षं,” बायको म्हणाली. “आणि ते दरवर्षी चमचा आत सरकवतायत. तू तेवढा रिकामासुद्धा करत नाहीस.”

दुसऱ्याच आठवड्यात मुलीला घेऊन तो निघाला. प्रवासभर त्यानं माफीची वाक्यं घोकली. डोक्यावर टोपी होती. बाप ओळखेल की नाही, ही एक नवीनच धास्ती.

दुकानात बाप मास्तरांचे केस कापत होता. पाठ दाराकडे, चष्म्याच्या काचा जाड झालेल्या. त्यानं आरशातच पाहिलं. कात्री थांबली.

“झिपऱ्या,” तो म्हणाला, “दार लाव. धूळ येते आत.”

मग त्यानं मास्तरांना अर्ध्या कापलेल्या डोक्यानिशी उठवून बाकावर बसवलं, खुर्ची झटकली, पोराला बसवलं आणि त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. टोपी काढली. समोर आरशात गुळगुळीत टक्कल चमकलं, कानांवर तेवढी एक झालर उरलेली.

“माझी तर एकच भुवई गेली होती,” मास्तर बाकावरून म्हणाले. “देवानं तुझं सगळंच काढून घेतलं की रे.”

“देव असली कामं करत नाही, मास्तर,” बाप म्हणाला. “हे याच्या आजोबांकडून आलंय.”

मास्तरांनी विचारलं, देव कसली कामं करतो हे तुला रे कसं ठाऊक? बाप कंगवा पुसत राहिला.

“अकरा वर्षं भांडलोय त्याच्याशी. रोज सकाळी शटर उघडताना. तू सगळ्यांचा बाप म्हणवतोस, मग माझं पोरगं आण, म्हणायचो. एक दिवस मनात आलं, माझ्यासारख्या तापट माणसाची पोरावरची माया काही केल्या आटत नाही. ही काय मी दुकानात बनवली? ज्याच्याकडून आली त्याच्याकडे केवढी असेल! माझ्याइतकाच तोही दाराकडे डोळे लावून बसलेला असणार. त्या दिवसापासून भांडण मिटलं.”

झिपऱ्यानं घोकलेली वाक्यं गोळा करायला सुरुवात केली. “बाबा, मी त्या दिवशी...”

“मान हलवू नकोस,” बाप म्हणाला. “कान कापला जाईल.”

त्या झालरीवर बाप पाऊण तास कात्री चालवत होता. एकेक केस उचलून, निरखून, जणू राजाचा मुकुट घडवतोय. मुलगी शेजारच्या खुर्चीत गिरक्या घेत होती. मास्तर बाकावरच झोपी गेले. झिपऱ्याला मध्येच टाळूवर काहीतरी ओलं लागलं. पाण्याची बाटली तर फळीवर होती. पण मान हलवायची नव्हती, म्हणून त्यानं विचारलं नाही.

दुकानावरच्याच माडीवर घर होतं. तिथं आईनं दार उघडलं, लेकाला टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळलं आणि नातीला उचलून कडेवर घेतलं. तिनं अबोला धरला होता आणि अकरा वर्षांचा अबोला अकरा मिनिटांत सोडायला ती काही नवऱ्यासारखी भोळी नव्हती. सगळं नातीमार्फत चाले. त्याला म्हणावं हात धू. त्याला म्हणावं लाजू नकोस, आणखी घे. नात इमानेइतबारे निरोप पोचवत होती, आणि लेक वाढलेलं निमूट संपवत होता.

तिसऱ्या दिवशी झिपऱ्यानं आईला बसवून स्वतः स्वयंपाक केला. तिनं एक घास घेतला, सावकाश चावला आणि नातीकडे न बघता थेट त्याच्याकडे पाहिलं.

“बोटीवरच्या माणसांना अकरा वर्षं हे असं अळणी खायला घालत होतास?”

मग तिनं शेवटचं शितही संपवलं आणि रिकामं ताट पुन्हा त्याच्यापुढे केलं.