दोन जावांची एक बादली

मी बादली बोलतेय. निळी, कडेला चिरलेली, झाकण मात्र शाबूत. हसू नका. या घरातल्या बायकांनी नवऱ्यांना जे सांगितलं नाही, ते सगळं माझ्यात भिजत घातलंय.

घरात दोन जावा. थोरली घरीच शिवणकाम करते. धाकटी नोकरी करते, पण तिचं खरं काम बोलणं. दोघींची पाळी थांबली तशी मलाही रजा मिळाली. पुढे कित्येक वर्षं नुसती पायपुसणी आणि पडदे. बरं चाललं होतं माझं.

मग एके सकाळी धाकटी डाग पडलेला परकर माझ्यात टाकून रडायलाच बसली. "जाऊबाई, या वयात हे काय आलं हो?" थोरलीनंच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या अस्तराचा एवढासा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल कळला त्या दिवशी धाकटी न्हाणीघरात येऊन खो खो हसली. "काही नाही हो! वयानं अस्तर पातळ झालंय म्हणे. उगाच जीव टांगणीला लागला होता."

थोरलीही हसली. तिथंच घात झाला.

कारण पुढच्या वर्षी थोरलीला डाग दिसले. ती काही रडली नाही. मला नळाखाली धरून पुटपुटली, "हिच्यासारखंच असणार. दुसरं काय!" मग रोज घर उठायच्या आत कपडे धुवायची आणि माझं झाकण घट्ट लावायची. मी पाणी बघत होते हो! आधी फिकट गुलाबी, मग लालभडक, मग गाठी. माझा जीव तीळतीळ तुटायचा. पण बादलीला कुठलं आलंय तोंड?

शेवटी एकदा पायपुसणं भिजवायला म्हणून धाकटीनं झाकण उचललं. झाकण तिथंच टाकून ती थोरलीला हाताला धरून थेट दवाखान्यात घेऊन गेली.

थोरलीचाही तुकडा तपासला. कॅन्सर निघाला, आणि तो गर्भाशयाबाहेर पसरला होता.

आता मी थोरलीच्या पलंगाशी असते. दवाखान्यातून औषध चढवून आली की तिला उलट्या होतात. धाकटी एका हातानं मला धरते, दुसऱ्यानं तिचं कपाळ. काल तिनं विचारलंच, "मला का नाही सांगितलंत?"

"अगं, तू हसली होतीस ना," थोरली म्हणाली. "म्हटलं, मीही हसेन."

धाकटी मला न्हाणीघरात घेऊन आली आणि नळ मोठा सोडून रडली.

बायांनो, पहिल्या दिवशी दोघींचं पाणी सारखंच होतं. मलाही फरक कळला नाही, तुम्हाला कसा कळणार? पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि एक डाग जरी दिसला, तरी आधी डॉक्टरांना दाखवा. माझ्यावर विसंबू नका. माझ्यात फक्त कपड्यावरचे डाग जातात.