काचेतलं मिठागर

"पानी गेलं वाऱ्यावर, मीठ रायलं तलाला,
बाय माजे, दुखनं नको सांगू सासरच्या दाराला."

मिठागरात फळीनं मीठ ओढता ओढता आई हे म्हणायची. ती मिठागरं भरावाखाली गेली, मागोमाग आईही गेली. पण नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत भामाला तो आवाज अजून ऐकू येई, आणि ओठांवर आलेलं बोलणं ती परत गिळे. आजही गिळलं होतं. उद्या सकाळी मुंबईच्या दवाखान्याची तारीख होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. पुन्हा सुया, पुन्हा गोळ्या, पुन्हा घरी येऊन वाट बघणं. तिला आता जायचं नव्हतं. नवऱ्याला ते सांगावं कसं, एवढंच कळत नव्हतं.

नवरा, महादेव, टाकीपुढे उकिडवा बसला होता. बदली झालेल्या साहेबानं जाताना त्याला ही खाऱ्या पाण्याची काचेची टाकी दिली होती. समुद्रातले जिवंत, म्हणजे बारीक जीव वस्तीला असलेले दगड, दोन नारिंगी जोकर मासे. दगडांना धरून न बोलावलेले पाहुणेही आले होते. हात लावला की मिटणारं काचेसारखं फूल. नखाएवढा खेकडा. वाचनालयातल्या इंग्रजी पुस्तकातली चित्रं बघून महादेव एकेकाचं नाव शोधी. एकाचं मात्र लागत नव्हतं. लांबट, गुलाबी किडा, दोन्ही अंगांना पांढरे केस. आज एक मासा तळाशी आडवा पडला होता, आणि हा केसाळ त्याला चिकटला होता.

"सापडला खुनी!" महादेवनं चिमटा उचलला. "दुसऱ्याला खायच्या आत काढतो याला."

"मेल्यावर आलाय तो. मयताला आलेल्या मानसाला कोन खुनी बोलतं काय?"

"तुला काय ठाऊक? असले काही घातकी असतात, पुस्तकात दिलंय."

"हाच तो, असं दिलंय?"

महादेव एका हातानं पुस्तक चाळू लागला. दुसरा मासा वरच्या कोपऱ्यात धापा टाकत होता. भामा कंटाळून उठली, जवळ गेली. काचेच्या काठावर पांढरी कड धरली होती. तसली कड तिनं लहानपणी बांधाबांधावर बघितली होती. तिनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"अवो, पानी कमी झालं की काय घालता तुमी?"

"समुद्राचंच. रविवारी उरणहून कॅन आणतो ना? साहेब बोलले होते, उडालं की भरत जा."

"उडतं ते पानी. मीठ नाय उडत, खालीच रातं. त्याच्यावर तुमी परत खारं वतता!" तिला हसू आलं, तेही दमलेलं. "मिठागर केलंत घरात. आता फली आना, ओढते मीठ."

महादेवनंही बोट चाखलं. मग चिमटा खाली ठेवला.

"म्हणजे मीच..."

"त्याचा दोष नाय, येवडंच बोलते मी."

तिनं माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि काठावरून बारीक धार सोडली. महादेव तांब्याच घेऊन आला, तेव्हा तिनं त्याचा हात धरला. "दमानं. एकदम गोडं झालं तर त्यानंबी मरंल."

"जगेल ना गं?"

"काय म्हाईत."

दोघं टाकीपुढे बसून राहिली. केसाळ पाहुणा दगडाच्या फटीत शिरला. मासा थोडा खाली आला, पुन्हा वर गेला.

"उद्या दवाखान्यातून आलो की उरलेलं घालू," महादेव म्हणाला. "आणि ऐक, या वेळी औषध वाढवून देतो बोललेत डॉक्टर."

भामाच्या हातातला पेला तसाच थांबला. आईचा आवाज आला, सासरच्या दारापर्यंत आला. तिनं तो जाऊ दिला.

"मी नाय येत," ती म्हणाली. "उद्या नाय, पुन्ना कदीच नाय. दमले मी. तुमाला वाईट वाटंल म्हनून गप रायले होते."