शेवटची सहा मिनिटं

चौदाव्या मिनिटापासूनचा तुकडा फिजिओने आलेखातून वेगळा काढला आणि पडदाभर मोठा केला. निळी रेघ डाव्या पायाची, लाल उजव्या पायाची. चौदा मिनिटं दोघी सख्ख्या बहिणींसारख्या लगटून चालल्या होत्या. तिथे दोन्ही शून्यावर आल्या, अकरा सेकंद तशाच राहिल्या, आणि पुन्हा उठल्या तेव्हा निळी लालपासून कितीतरी खाली होती.

सायकल घरात उभी करून चालवायची, जाग्यावरून न हलणारी. तिच्या पेडलांत कुठला पाय किती जोर लावतो ते मोजणारं यंत्र होतं, आणि मनगटावरच्या पट्ट्यातून नाडी मोजली जात होती. ती चालवणारा माणूस अग्निशमन दलातला जवान. दवाखान्यात सगळे त्याला ‘बंबवाला’च म्हणत. पाच महिन्यांपूर्वी शिडीवरून पडून त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रोज सकाळी अकराला वीस मिनिटं सायकल: चौदा सपाटीची, मग भार वाढवून सहा चढाची. नोंद आपोआप फिजिओच्या संगणकावर येऊन पडायची. येत्या शुक्रवारी तिला दलाकडे अहवाल द्यायचा होता, की हा माणूस कामाला लायक आहे किंवा नाही.

मांडी कच्ची असेल तर चढावर पाय मागे पडतो, त्यात नवल नव्हतं. पण आज तिने सहज म्हणून गेल्या नऊ दिवसांचे तुकडे एकावर एक ठेवले. नऊच्या नऊ वेळा निळी रेघ पहिल्याच फेरीला खाली. थकलेला पाय असा घड्याळ बघून थकत नाही. हळूहळू थकतो, एखाद दिवशी जास्त, एखाद दिवशी कमी. नाडीचंही तेच. चढ लागल्यावर ती वर जायला हवी, तर याची एकशे अडतीसवरून एकशे चौदावर उतरत होती. चढावर निघालेला नव्हे, फेरफटका मारायला निघालेला माणूस वाटावा अशी.

आणि मधले ते अकरा सेकंद.

कुठेतरी पाणी मुरत होतं. गेल्या वर्षी एका ट्रकचालकाने स्वतःऐवजी भाच्याला सायकलवर बसवलं होतं. तिने भाच्याचे आकडे पाहून मामाला कामावर सोडलं, आणि मामा दोन आठवड्यांत खुरडत परत आला. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने तेव्हा एक शब्दही बोलून दाखवला नाही, हे तिला जास्त लागलं होतं.

तिने बंबवाल्याला फोन लावला.

“रोज तुम्हीच चालवता ना?”

“मग कोण चालवणार?” तो हसला. “घरात मी आणि बायको. आणि ती म्हणते, मी दिवसभर फिरतेच आहे, मला कशाला पाहिजे सायकल!”

“चौदाव्या मिनिटाला थांबता का?”

पलीकडचं हसणं थांबलं.

“लक्षात नाही, मॅडम.”

दुपारी त्याच्या केंद्रप्रमुखांचा फोन आला. “आमचा माणूस कधी देताय? पंचवीस जणांचं काम अठरा जण ओढतायत. शिडी लावली की पहिला पाय त्याचा असायचा. मागे राहणाऱ्यातला नाही तो. तुम्हालाच फसवून लवकर येईल बघा.”

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, हेच ते. घाई झालीय, म्हणून चौदा मिनिटं दुसऱ्या कुणाचे तरी पाय. पण मग शेवटची सहा मिनिटं लंगडी कशाला? लबाडी करायचीच तर माणूस ती पुरती करेल ना? तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. अहवालाचा कागद कोराच राहिला.

दुसऱ्या दिवशी न कळवता ती त्याच्या घरी गेली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दार बायकोने उघडलं. खांद्यावर मोजपट्टी, ओठांत टाचणी. मागे शिलाई मशीनवर निम्मा शिवलेला झगा. टाचणी काढून ती कुजबुजली,

“या ना. चाललीय त्यांची सायकल. हाक मारू?”

“नको. संपू दे.”

आतून पेडलांची एकसारखी घरघर येत होती. फिजिओ दाराच्या आड, त्याला दिसणार नाही अशी उभी राहिली. सायकलवर तोच होता. दुसरं कोणीही नव्हतं. पाठ सरळ, दोन्ही गुडघे तालात वरखाली. तिला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

“अगं, पाणी!” तो ओरडला आणि थांबला.

बायको तांब्या घेऊन गेली. दोन घोट घेऊन त्याने भार वाढवला आणि पहिल्याच फेरीला “आई गं” म्हणत तोंड वाकडं केलं. बायकोने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि लगबगीने बाहेर आली.

“इथून पुढचं मला नाही बघवत,” ती फिजिओला म्हणाली. “रोज संध्याकाळी तासभर तेल लावून चोळते पाय. माझे अंगठे दुखायला लागले, पण त्यांचं दुखणं काही हलत नाही. चहा टाकते हं.”

ती स्वयंपाकघरात गेली. आत सायकल फिरत होती, संथ. त्याचं तोंड सरळ झालं होतं. डावा पाय पेडलवर नुसता ठेवलेला होता, झोपाळ्यावर बसलेल्या पाहुण्यासारखा, आणि उजवा एकटा दोघांचं ओझं ओढत होता. कपाळ कोरडं. तो खिडकीबाहेर बघत होता.

फिजिओ आत आली. तो दचकला, आणि त्या दचक्यात डावा पाय पेडलावर असा जोरात दाबला गेला की सायकल हलली.

दोघांनी त्या पायाकडे पाहिलं.

“चांगलाच जोर आहे की,” ती म्हणाली.

त्याने पेडल थांबवलं. पट्टा मनगटावरून काढून हँडलवर ठेवला. मान खालीच ठेवून त्याने विचारलं,

“यंत्राला कळलं?”

“यंत्राला नाटक कळत नाही. त्याला जोर तेवढा कळतो. मला वाटलं होतं, तुमच्या जागी दुसराच कोणी बसतोय. परत जायची घाई झालीय तुम्हाला.”

तो हसायला गेला, पण जमलं नाही.

“घाई!” तो म्हणाला. “मॅडम, परवा घरातला दिवा बदलायचा होता. स्टुलावर चढलो. दुसरा पाय वर घेतला आणि हात असे झाले.” त्याने हात पुढे केले. आत्ताही ते थरथरत होते. “खाली उतरलो आणि बायकोला म्हटलं, गुडघा दुखतोय. तीच चढली.”

“कधीपासून?”

“पडलो तेव्हापासून. गुडघा खरंच दुखत होता तोवर बरं होतं हो. कोणी विचारत नव्हतं.”

ती स्टुलासारखी एक खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. ओरडावं असं तिच्या मनात आलं होतं, जिना चढताना शब्दही जुळवले होते. ते आता सापडेनात.

“शुक्रवारी मी गुडघा बरा आहे असं लिहिणार,” ती म्हणाली. “खोटं लिहिता येणार नाही मला.”

“हो.”

“शिडीचंही लिहावं लागेल. वर गेल्यावर तुमचे हात असे झाले, तर खालचे चौघं कुणाच्या भरवशावर असतील?”

“माहितीय. म्हणूनच तर...” त्याने वाक्य सोडून दिलं. “पण ते तुम्ही नका सांगू. साहेबांना मी सांगतो. शुक्रवारच्या आधी.”

कप वाजले. बायको ट्रे घेऊन दारात उभी होती, चेहऱ्यावर रोजचाच प्रश्न.

“काय म्हणतोय पाय? सांगा ना मॅडम, खरं सांगा.”

फिजिओने त्याच्याकडे पाहिलं. तो सायकलवरून उतरला, डाव्या पायावर, कशाचाही आधार न घेता.

“पाय बरा झालाय,” तो म्हणाला.

बायको बघतच राहिली. मग ट्रे तिथेच मशीनवर, झग्याच्या कापडावर ठेवून तिने दोन्ही हात तोंडावर नेले. डोळे भरून आले आणि त्यातच ती हसायला लागली.

“अहो, मग फोन कुठाय! साहेबांना कळवते, सगळ्यांना कळवते.”

“थांब,” तो म्हणाला. “फोन राहू दे. आधी बस इथे.”

“झालं काय?”

“बस ना जरा.”

ती खुर्ची रिकामी करून फिजिओ उठली. चहा घेतलाच नाही. बायको हळूच खुर्चीच्या कडेवर टेकली, खांद्यावरची मोजपट्टी हाताभोवती गुंडाळत. फिजिओने बाहेर पडताना दार आवाज होणार नाही असं लोटून घेतलं. जिन्यात तिला आतून त्याने घसा खाकरल्याचा आवाज आला. ती तीन पायऱ्या खाली उभीच होती.